बाईकचं प्लास्टिक विंडशील्ड कसं साफ करायचं, आणि पॉलिश कधी आणि कसं करायचं

विंडशील्डवरचे बहुतेक बारीक चरे रस्त्यावर पडत नाहीत, ते पुसताना पडतात. समोरून उडालेला खडा एखादाच टोला देऊन जातो, पण आपण गाडी काढायच्या आधी कोरडं फडकं घेऊन भराभर धूळ झटकतो ना, तेव्हा त्या धुळीतला प्रत्येक कण प्लास्टिकवरून फरपटत जातो आणि धुळीत वाळू असतेच, जी प्लास्टिकपेक्षा कितीतरी कडक असते. दिवसा यातलं काही जाणवत नाही. रात्री समोरून हेडलाइट आला की त्या सगळ्या रेघा एकदम पेटतात आणि दोन-तीन सेकंद रस्ताच दिसत नाही. मी या विषयाच्या एवढा मागे लागतो ते त्या दोन-तीन सेकंदांसाठी, चमक वगैरे नंतर.

तर पहिला नियम, कोरड्या विंडशील्डला फडकं लावायचं नाही. कधीच नाही. अगदी मायक्रोफायबर असलं तरी नाही.

धुवायला फार काही लागत नाही. सावलीची जागा, गार झालेली गाडी, दोन बादल्या पाणी, सौम्य कार शॅम्पू आणि दोन-तीन स्वच्छ मऊ मायक्रोफायबर कपडे. उन्हात तापलेल्या प्लास्टिकवर साबणाचं पाणी टाकलं तर ते पुसायच्या आधीच वाळतं आणि डाग सोडून जातं, म्हणून सावली. सुरुवात वरून नुसतं पाणी सोडून करायची, पाइप असेल तर हळू धार, नसेल तर मगाने ओतायचं, आणि हात न लावता जेवढी धूळ वाहून जाईल तेवढी जाऊ द्यायची. मग साबणाच्या पाण्यात बुडवलेला कपडा, न पिळता, पाणी गळत असतानाच काचेवर (प्लास्टिकचं असलं तरी विंडशील्डला मी पुढे काचच म्हणतो) ठेवायचा आणि वरून खाली सरळ ओढायचा, दाब जवळपास शून्य. दोन हात मारले की कपडा दुसऱ्या बादलीतल्या साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा, मग परत साबणात. एकाच बादलीत सगळं केलं तर काढलेली माती आपणच परत काचेला लावत बसतो.

गोल गोल घासायची सवय बऱ्याच जणांना असते आणि भांडी घासायला ती ठीक आहे, पण इथे नको. गोल चरा कुठल्याही बाजूने प्रकाश आला तरी चमकतो, त्यामुळे प्रत्येक दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखं वलय दिसतं. सरळ हात मारला आणि चुकून रेघ पडलीच तर ती निदान एकाच दिशेला चमकते.

आता किडे. संध्याकाळी शेताच्या किंवा पाण्याच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावरून गाडी चालवली की काच भरून जाते आणि आपण घरी येऊन गाडी लावतो आणि सकाळपर्यंत ते सगळं सुकून डिंकासारखं चिकटतं. नखाने किंवा स्क्रबरने खरवडायचं नाही. एक जुना सुती टॉवेल किंवा पंचा कोमट पाण्यात भिजवून तसाच ओलागच्च काचेवर पसरायचा आणि दहा-पंधरा मिनिटं सोडून द्यायचं, मध्ये सुकायला लागला तर वरून थोडं पाणी. पाणी कोमटच, कढत नको. टॉवेल उचलताना घासत ओढायचा नाही, वरच्या कडेने धरून सरळ उचलायचा. बहुतेक किडे टॉवेललाच चिकटून येतात, उरलेले साबणाच्या कपड्याने हळूच निघतात, आणि नाही निघाले तर परत पाच मिनिटं भिजवायचं. किड्याचं कवच आणि पाय कडक असतात, दाबून घासले की तेच चरे पाडतात, म्हणून इथे घाई केली की आपलंच नुकसान. रोज लांब जात असाल तर त्याच दिवशी रात्री ओला टॉवेल टाकायची सवय लावून घ्या, सकाळचं अर्धं काम कमी होतं.

धुवून झालं की भरपूर साधं पाणी ओतून साबण काढायचा आणि वेगळ्या, कोरड्या, स्वच्छ कपड्याने टिपायचं. पुसायचं नाही, टिपायचं, म्हणजे कपडा काचेवर पसरायचा, हलका हात ठेवायचा, उचलायचा. पाणी जड असेल, म्हणजे क्षार जास्त असतील, तर थेंब तसेच वाळू दिले की पांढरे ठिपके राहतात. ते साबणाने जात नाहीत. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून कपडा भिजवून दोन-चार मिनिटं ठिपक्यांवर ठेवायचा आणि मग भरपूर पाण्याने धुवायचं, ठिपके फार जुने नसतील तर विरघळतात.

कपड्यांचं पण सांगून ठेवतो. विंडशील्डचे कपडे वेगळे ठेवायचे, चेन किंवा रिम पुसलेला कपडा कितीही धुतला तरी परत काचेला लावायचा नाही. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको कारण तो धाग्यांवर थर सोडतो आणि मग कपडा पाणी शोषत नाही, काचेवर तेलकट पट्टे येतात. जमिनीवर पडलेला कपडा त्या दिवसापुरता बाद. आणि पेपर टॉवेल, टिश्यू, वर्तमानपत्र यातलं काही नको. कागद हाताला मऊ लागला तरी लाकडाच्या तंतूंचा बनलेला असतो आणि प्लास्टिकवर त्याच्या रेघा उठतात. पेट्रोल पंपावर काच पुसायला जो ब्रश आणि बादली ठेवलेली असते तिलाही हात लावू नका, त्या पाण्यात आधीच्या सगळ्या गाड्यांची वाळू असते.

काय लावायचं नाही ही यादी माझ्या मते पॉलिशपेक्षा महत्त्वाची आहे, कारण चरा एक वेळ काढता येतो पण रसायनाने खराब झालेलं प्लास्टिक परत येत नाही. विंडशील्ड बहुतेक दोन प्रकारच्या प्लास्टिकची असतात, अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट. घरातल्या काचा पुसायचे जे स्प्रे असतात त्यातल्या बऱ्याच स्प्रेमध्ये अमोनिया असतो, तो पॉलिकार्बोनेटला खातो, आणि अल्कोहोल किंवा सॉल्व्हंट अ‍ॅक्रिलिकला लागलं की आत बारीक तड्यांची जाळी उमटते. ही जाळी जास्त करून स्क्रूच्या भोकांभोवती आणि वाकवलेल्या भागात दिसते कारण तिथे प्लास्टिक आधीच ताणात असतं. एकदा आली की कुठल्याच पॉलिशने जात नाही, ती नुसती पृष्ठभागावर नसते, आत गेलेली असते. त्यामुळे पेट्रोल, रॉकेल, थिनर, अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, ब्रेक क्लीनर, डांबर काढायचे स्प्रे, सगळं लांब. स्टिकरचा गोंद राहिला असेल तर कोमट साबणाचं पाणी आणि सबुरी, त्यानेही नाही गेला तर थोडं खाण्याचं तेल बोटाने चोळून मऊ करायचं आणि साबणाने धुवायचं.

काही गोष्टी तर आपण मुद्दाम लावतही नाही, तरी लागतात. पेट्रोल भरून ग्लोव्हजवर दोन थेंब सांडलेले असतात आणि त्याच हाताने विंडशील्ड धरून गाडी मागे घेतो. डास पळवायच्या काही क्रीम-स्प्रेमध्ये डीट नावाचं रसायन असतं, ते प्लास्टिक चक्क मऊ करतं, बोटांचे ठसे कायमचे उठतात. ब्रेक फ्लुइडची टाकी बऱ्याच गाड्यांना हँडलवरच, विंडशील्डच्या बरोबर मागे असते, तिथे काम करताना काचेवर जाड कपडा टाकायचाच. आणि विंडशील्डचे स्क्रू ढिले होतात म्हणून त्यांना थ्रेड लॉक, म्हणजे स्क्रू घट्ट धरून ठेवणारा गोंद, लावू नका, तो द्रव प्लास्टिकला लागला की भोकापासून तडा सुरू होतो.

बरं, आता पॉलिश. पॉलिश म्हणजे काय तर चऱ्याच्या आजूबाजूचं प्लास्टिक घासून कमी करायचं, इतकं की चऱ्याचा तळ आणि बाकीचा पृष्ठभाग एका पातळीत येईल. म्हणजे प्रत्येक पॉलिशमध्ये थोडं प्लास्टिक जातंच. म्हणून ते हौसेने दर महिन्याला करायचं काम नाहीये.

आणि हात घालायच्या आधी आपल्या गाडीला काय बसवलंय ते बघा. खालच्या कडेला, स्क्रूजवळ, बारीक अक्षरात कंपनीचं नाव आणि कधी कधी प्लास्टिकचा प्रकार छापलेला असतो, नाहीतर गाडीच्या किंवा विंडशील्डच्या माहितीपुस्तकात मिळतं. अ‍ॅक्रिलिक ताठ असतं, जोरात आपटलं तर तुकडे होतात, पण ओरखड्याला त्यातल्या त्यात चिवट आणि पॉलिश फार छान घेतं. पॉलिकार्बोनेट वाकतं, खडा लागला तरी फुटत नाही, पण मुळात मऊ असल्यामुळे पटकन चरे पडतात आणि म्हणून चांगल्या पॉलिकार्बोनेटवर कारखान्यातच एक पातळ कडक कोटिंग दिलेलं असतं. हा सगळा मुद्दा त्या कोटिंगचा आहे. कोटिंगवर घासणारं पॉलिश किंवा पॉलिश पेपर (सँडपेपर) चालवला तर ते कोटिंग जागोजागी निघतं, कडा पापुद्र्यासारख्या दिसायला लागतात आणि काच आधीपेक्षा धुरकट होते. त्यामुळे कोटिंगवाल्या काचेला फक्त धुणं आणि वरून न घासणारं क्लीनर किंवा वॅक्स, एवढंच. बारीक चरे असले तर ते सहन करायचे, फारच असले तर काच बदलायची. आणि कुठली आहे ते कळतच नसेल तर कोटिंगवाली आहे असं धरून चालायचं.

टिंटेड काचेचंही तसंच, रंग प्लास्टिकच्या आतपर्यंत असेल तर पॉलिश चालतं, पण वरून फिल्म किंवा फवारा असेल तर नाही.

साधं अ‍ॅक्रिलिक असेल, किंवा कोटिंग नसलेलं पॉलिकार्बोनेट, तर पुढचं वाचा. काच नीट धुवून कोरडी करा आणि अंधारात मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा. कुठे बारीक केसासारख्या रेघा आहेत, कुठे खोल आहेत, सगळं दिसतं. मग नख फिरवून बघायचं. रेघ दिसतेय पण नख अडकत नाही तर हाताने पॉलिश करून जाईल किंवा निदान खूप कमी होईल. नख अडकतं तर पॉलिशने जाणार नाही, तिथे पेपर मारावा लागेल, आणि ते करायचं की नाही हे चरा कुठे आहे त्यावर ठरवायचं. उंच विंडशील्ड असेल आणि तुम्ही काचेतून बघत चालवत असाल तर डोळ्यांसमोरचा जो पट्टा असतो तोच खरा महत्त्वाचा. खाली टाकीजवळ किंवा कडेला असलेला खोल चरा तसाच सोडून दिला तरी काही बिघडत नाही आणि माझं मत विचाराल तर सोडूनच द्यावा.

जमलं तर काच गाडीवरून काढून, जाड टॉवेल पसरलेल्या टेबलावर ठेवून काम करा. चार-सहा स्क्रू असतात, कुठला वॉशर कुठे होता त्याचा आधी फोटो काढून ठेवायचा. काढता येत नसेल तर आजूबाजूच्या रंगाला मास्किंग टेप लावायचा.

पॉलिश प्लास्टिकसाठीचंच घ्या. गाडीच्या रंगाचं रबिंग कंपाउंड फार भरड असतं. नोव्हस कंपनीच्या प्लास्टिक पॉलिशचे तीन प्रकार येतात, एक नंबर फक्त साफ करून चमक देतो, दोन नंबर बारीक चऱ्यांसाठी, तीन नंबर त्याहून ठळक चऱ्यांसाठी, आणि तीन नंबर वापरला तर त्यानंतर दोन आणि मग एक हे करावंच लागतं, नाहीतर तीन नंबरच्याच रेघा राहतात. मेग्वायर्स कंपनीचं प्लास्टएक्स नावाचं पॉलिशही बारीक चऱ्यांना चांगलं. आधी अगदी खालच्या कोपऱ्यात, जिथे नजर जात नाही तिथे, रुपयाएवढ्या जागेवर करून बघा आणि धुवून तपासा. धूसर झालं किंवा चिकट झालं तर तिथेच थांबा.

चांगलं वाटलं तर वाटाण्याएवढं पॉलिश मऊ कपड्यावर घेऊन तळहाताएवढ्या भागावर कामाला लागायचं. दाब मध्यम, आधी उभे हात, मग आडवे, पॉलिश सुकत येऊन पातळ धुकं दिसेपर्यंत, मग स्वच्छ कपड्याने हलकेच काढायचं आणि टॉर्च मारून बघायचं. शेवटचे हात मात्र हलके आणि उभे. एकदा करून पूर्ण जात नाही, परत परत करावं लागतं, हात दुखतो, पण हाताने केलेलं हातात राहतं. कपड्याची घडी सारखी बदलत राहा कारण निघालेलं प्लास्टिक त्यातच अडकत जातं.

ड्रिलला फोमचा पॅड लावून करायचा मोह होतो. करता येतं, पण सगळ्यात कमी वेगावर, पॅड सतत हलता ठेवून, पॅड ओलसर ठेवून. अ‍ॅक्रिलिक 100 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि एकाच जागी दोन-चार सेकंद पॅड फिरला की घर्षणानेच तेवढी उष्णता येऊ शकते, मग पृष्ठभाग ओढल्यासारखा होतो आणि ते दुरुस्त करायला पेपरच मारावा लागतो. अधूनमधून हाताने चाचपून बघा, कोमट लागलं की थांबायचं, गार होऊ द्यायचं.

टूथपेस्ट बद्दल सगळेच विचारतात. तिच्यात घासणारी पावडर असते हे खरं, त्यामुळे थोडा फरक दिसतोही, पण प्रत्येक पेस्टची पावडर वेगळी, कण किती मोठे आहेत ते आपल्याला माहीत नाही, आणि जेल पेस्ट असेल तर तिचं काही वेगळंच. डोळ्यांसमोरच्या काचेवर अंदाजाने काम करू नये असं मला वाटतं. फर्निचर पॉलिशच्या स्प्रेने चरे गायब होतात असंही सांगतात, ते गायब होत नाहीत, त्यात तेलकट सिलिकॉन भरतं आणि धुतलं की परत दिसतात.

नख अडकणारा चरा बरोबर नजरेसमोर असेल आणि काच बदलायची नसेल तर पॉलिश पेपर, पाण्याचा, म्हणजे वॉटर पेपर. 1000, 1500, 2000 आणि 3000 नंबर आणा, नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. पेपर पंधरा मिनिटं पाण्यात भिजवा, पाण्यात शॅम्पूचे दोन थेंब टाका. बोटाने दाबून घासू नका, बोटांच्या खाली पन्हळी पडतात, मऊ स्पंज किंवा रबराच्या ठोकळ्याला पेपर गुंडाळून घ्या. फक्त चऱ्यावर घासायचं नाही हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण तिथे खड्डा पडतो आणि तो खड्डा भिंगासारखा काम करतो, त्यातून समोरचा खांब वाकडा दिसतो. चऱ्याच्या चारही बाजूंना वीतभर तरी पसरून घासा, म्हणजे उतार कळणार नाही.

1000 ने फक्त आडवं घासा, चरा दिसेनासा होईपर्यंत. मग सगळं धुवा, पाणी बदला, आणि 1500 ने फक्त उभं, आडव्या सगळ्या रेघा जाईपर्यंत. मग 2000 परत आडवं, 3000 उभं. दिशा बदलायचं कारण एवढंच की आधीच्या नंबरच्या रेघा राहिल्यात की नाही ते लगेच दिसतं. प्रत्येक टप्प्यावर काच कोरडी करून बघायची, ओली असताना सगळंच गुळगुळीत दिसतं. एकही आडवी रेघ राहिली आणि पुढच्या नंबरला गेलात तर ती शेवटी पॉलिश केल्यावर बरोबर उठून दिसणार आणि मागे यावं लागणार. काच पूर्ण पांढुरकी होते तेव्हा पोटात गोळा येतो, पण 3000 नंतर ती एकसारखी दुधाळ दिसली की काम बरोबर चाललंय. त्यावर मग पॉलिश, वर सांगितलं तसं, आणि इथे वेळ लागतो, सुट्टीचा दिवस ठेवा.

झाल्यावर काच हातात धरून त्यातून दाराच्या चौकटीकडे किंवा विजेच्या तारेकडे बघा आणि डोकं हळू डावीकडे उजवीकडे हलवा. सरळ रेघ कुठे लचकली तर तिथे खड्डा झालाय. नजरेसमोरच असेल तर ती काच लांबच्या प्रवासाला वापरू नका, डोळे दुखतात आणि अंतराचा अंदाज चुकतो.

वॅक्सचं काम सोपं आहे. न घासणारं कारनौबा (झाडापासून मिळणारं) वॅक्स किंवा प्लास्टिकसाठीचं क्लीनर-वॅक्स, पातळ थर, दोन्ही बाजूंना. आतली बाजू लोक विसरतात आणि तिथे जॅकेटची धूळ आणि श्वासाची वाफ बसलेली असते. वॅक्स असलं की किडे कमी चिकटतात, पुढच्या वेळी टॉवेल पाच मिनिटं ठेवला तरी पुरतो. पाणी घसरवणारं द्रव लावायचं असेल तर बाटलीवर प्लास्टिकला चालतं असं लिहिलंय का ते वाचा, रेन-एक्स कंपनीचं नेहमीचं द्रव खऱ्या काचेसाठी आहे, प्लास्टिकसाठी त्यांचं वेगळं येतं. डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे नको, पावसात सगळं फराटे होतं.

काच परत बसवताना रबरी वॉशर जागेवर आहेत का बघा, सगळे स्क्रू आधी हाताने लावा आणि मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. काच किंचित हलली पाहिजे, रबर चेपून फुगेपर्यंत आवळलं तर पुढच्या खड्ड्यात भोकापासून तडा जाणार. तडा आधीच गेला असेल तर त्याच्या अगदी टोकाला 3 मिलीमीटरचं भोक पाडलं की तो पुढे सरकायचा थांबतो, पण नवीन काच येईपर्यंतच.

गाडीचं कव्हरही चरे पाडतं. धुळकट गाडीवर कव्हर टाकलं आणि वारा सुटला की ते रात्रभर काच घासत बसतं, त्यामुळे कव्हरच्या आत विंडशील्डवर एक स्वच्छ मऊ कपडा बांधायचा किंवा उघडी गाडी सावलीत लावायची.

आणि याच बैठकीत हेल्मेटच्या वायझरला पॉलिश लावू नका. तो जवळपास नेहमी कोटिंगवाला पॉलिकार्बोनेट असतो, आतून धुकं न धरणारा थर वेगळा. त्याला कोमट पाणी, ओला कपडा, सौम्य साबण, एवढंच, आणि टॉर्चमध्ये चरे दिसायला लागले की सरळ नवा वायझर घ्यायचा.